गड मोठा हवा, पण कपाटात मावेल असा

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये टू बीएचके फ्लॅटमध्ये राहतो. माझ्याकडे सहा इंची चाळीसेक ॲक्शन फिगर्स आहेत, शिवाय लहानपणीच्या फनस्कूलच्या पावणेचार इंची जी. आय. जो तीसेक. सगळ्या काचेच्या कपाटात ओळीने उभ्या आहेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या. यांच्यासाठी जिने, तळघर, दिवे असलेला भला मोठा प्लेसेट एखादी कंपनी काढेल म्हणून मी किती वर्षं वाट पाहतोय. बाहेरून मागवायचा विचार केला, तर खर्चाचा आकडा पाहूनच थांबलो. एकदा थर्माकोलचा किल्ला करून पाहिला. स्प्रे मारला आणि भिंत विरघळली. आणखी वाट पाहू, मागवू की स्वतः करू? स्वतः करायचा तर केवढा? सहा वर्षांची मुलगीही त्यात खेळणार आहे. – एक संग्राहक, इंदिरानगर

उत्तर : नमस्कार. वाट पाहू नका. सहा इंची फिगर्ससाठी तुमच्या मनातला सेट दुकानात येण्याची शक्यता फार कमी आहे, आणि त्याचं कारण निव्वळ गणिताचं आहे. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८५ साली जी. आय. जोसाठी यूएसएस फ्लॅग ही विमानवाहू नौका काढली. तिची लांबी सुमारे साडेसात फूट, आणि तीही पावणेचार इंची फिगर्ससाठी, म्हणजे १:१८ प्रमाणात. तीच नौका सहा इंची फिगर्सना, म्हणजे १:१२ प्रमाणात करायची ठरवली तर प्रत्येक माप दीडपट होतं आणि लांबी सव्वाअकरा फुटांवर जाते. ती तुमच्या बेडरूमच्या भिंतीत मावणार नाही. घनफळ तर तिपटीहून जास्त होतं, आणि खोका, गोदाम, जहाजभाडं हे सगळं घनफळावर ठरतं. फिगर्स मोठ्या होत गेल्या आणि प्लेसेट नाहीसे होत गेले, ते यामुळे.

आता मोठ्या वस्तू निघतात त्या आगाऊ मागणीवर. हॅस्ब्रोच्या हॅसलॅब या आगाऊ मागणीच्या योजनेतली २०१८ ची पहिली मोठी वस्तू म्हणजे स्टार वॉर्समधली सेल बार्ज ही नौका. तिला किमान ५,००० ग्राहक हवे होते, किंमत सुमारे ५०० डॉलर आणि लांबी चार फूट. तीसुद्धा पावणेचार इंची फिगर्ससाठीच होती. २०२१ मध्ये सहा इंचींच्या मापाचा रँकॉर, म्हणजे स्टार वॉर्समधलाच एक अजस्र प्राणी, जाहीर झाला, पण ९,००० मागण्या न जमल्याने तो रद्द झाला. या भरवशावर आणखी दहा वर्षं काढू नका.

मागवण्याचा हिशेबही सांगून ठेवतो. कुरिअरवाले मोठ्या, हलक्या खोक्याचं वजन काट्यावर करत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. १०० × ६० × ४० सेंटिमीटरचा खोका आत सात किलोचा असला तरी भाडं ४८ किलोचं लागतं. त्यावर सीमाशुल्क. खेळण्यांवरचा मूळ दर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यात कर वेगळा. मागवायचंच असेल तर त्या दिवशीचा दर तपासूनच मागवा. आमचं मत विचाराल तर बाहेरून फिगर्स मागवाव्यात, इमारती मागवू नयेत.

म्हणजे स्वतः करायचा. दिवाळीला माती-दगडांचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलखात हे काम नवखं नाही. फरक इतकाच, की दिवाळीचा किल्ला पंधरा दिवसांनी मोडतो आणि तुमचा टिकायला हवा. त्या किल्ल्यातली एक चूक मात्र तुमच्याही हातून होऊ शकते : मावळा दारापेक्षा मोठा असतो. कारण आधी डोंगर रचला जातो आणि माणसं नंतर आणली जातात. तुम्ही माणसापासून सुरुवात करा.

सहा इंची फिगर म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंची, खांद्यांशी सहा-सात सेंटिमीटर रुंदी. सात फुटी दरवाजा या मापात पावणेअठरा सेंटिमीटरचा होतो. दहा फुटी छत साडेपंचवीस सेंटिमीटरवर येतं. पावणेचार इंची फिगरला तेच दार पावणेबारा सेंटिमीटरचं आणि छत सतरा सेंटिमीटरचं. तुमच्या सर्वांत उंच आणि सर्वांत रुंद फिगर्स घेऊन, पंख, तलवारी, पाठीवरचे दारूगोळे सगळ्यांसकट मापून ती मापं कागदावर लिहा. ज्याला शिंगं आहेत त्याला मुख्य दार लागतंच, खिडकीतून तो जात नाही.

दुसरं माप घराचं. हा सेट वर्षाचे बारा महिने हॉलमध्ये मांडून ठेवता येणार नाही, हे गृहीत धरा. तो कुठे ठेवणार? दिवाणाच्या पेटीत, माळ्यावर, की कपाटाच्या वरच्या फळीवर? त्या जागेची आतली उंची मोजा. दिवाणाच्या पेटीत बिजागऱ्या आणि पट्ट्या उंचीतला एखादा इंच खातात, तो वजा करा. माळ्याचं तोंड आतल्या जागेपेक्षा लहान असतं, म्हणून तोंड मोजा. मोठा सेट म्हणजे एक मोठी वस्तू, ही कल्पना इथेच सोडायची. मोठा सेट म्हणजे एकाच मापाचे खण. एकमेकांवर चढणारे, शेजारी जोडले जाणारे, आणि सुटे झाले की पेटीत मावणारे.

खणाचं माप आम्ही ३० × ३० सेंटिमीटर सुचवू, उंची २५. यामागे कारणं आहेत. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) आठ बाय चारचा शीट २४४० × १२२० मिलिमीटरचा असतो. करवतीची पात प्रत्येक कापात तीन मिलिमीटर खाते असं धरलं, तरी त्यातून ३०० मिलिमीटरचे बत्तीस चौरस निघतात. माप बारा इंच, म्हणजे ३०५ ठेवलंत तर पातीच्या भुशामुळे शेवटची ओळ कमी पडते, आणि हे शीट कापून झाल्यावर कळतं. दुसरं कारण हाताचं. तीस सेंटिमीटरपेक्षा खोल खोलीत मागच्या कोपऱ्यात पडलेली फिगर बोटांनी काढता येत नाही, चिमटा शोधावा लागतो. समोरची बाजू कायम उघडी ठेवा.

पहिल्या टप्प्यात सहा खण करा. खाली तीन, मधे दोन, वर एक. समोरून ९० सेंटिमीटर रुंद, ७५ उंच आणि पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारा गड तयार होतो. खणांच्या डोक्यावर उघड्या गच्च्या मिळतात, तिथे पहारेकरी उभे राहतात. सगळे खण एका रेषेत चढवलेत तर तो कपाटासारखा दिसेल.

एका खणाला लागतं ते असं : साडेपाच मिलिमीटर एमडीएफचे ३०० × ३०० चे दोन चौरस, एक तळाचा आणि एक छताचा. चार कोपऱ्यांना १५ × १५ मिलिमीटर लाकडी पट्टीचे २४० लांबीचे खांब. सहा खणांना बारा चौरस आणि चोवीस खांब. अर्धा शीट, म्हणजे चार बाय चारचा तुकडा घेतलात तर सोळा चौरस निघतात. उरलेले चार जिन्याला आणि मधल्या फळ्यांना लागतीलच. पट्टी पावणेसहा मीटर भरते, पण कापण्यातली वाया जाणारी धरून साडेसहा मीटर घ्या. पट्टी घेताना एका टोकाला डोळा लावून सरळ आहे का पाहा. वाकडी पट्टी खिळ्याने सरळ होत नाही.

चौरस दुकानातच मशीनवर कापून घ्या. घरी हातकरवतीने बारा चौरस तंतोतंत सारखे निघत नाहीत, आणि दोन मिलिमीटरचा फरक तिसऱ्या मजल्यावर सहा मिलिमीटरचा झुकाव होतो. कमानी, जाळ्या, खाचा-दात असलेले भाग हवे असतील तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेझर कटिंगवाल्यांकडे डीएक्सएफ फाइल (संगणकावर काढलेला आराखडा) देऊन ते करून घेता येतात. फाइल काढण्याआधी त्यांच्याकडचा शीट व्हर्नियरने मोजा. तीन मिलिमीटर म्हणून मिळणारा शीट पुष्कळदा पावणेतीनचा निघतो, आणि तीनच्या खाचेत तो खुळखुळतो. लेझरचा झोतही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यांत माल जाळतो. म्हणून आधी एक खाच आणि एक दात असा चाचणीचा तुकडा कापून घ्या, मग सगळा लॉट.

जोडणीत बहुतेकजण चुकतात ते चुंबकांवर सगळा भार टाकून. चुंबक ओढ सहन करतो, पण बाजूने सरकणं थांबवत नाही. वरचा मजला उचलताना खालचा अर्धवट उचलला जातो आणि हवेत सुटतो. त्याऐवजी खांबाच्या माथ्यावर सहा मिलिमीटर जाडीचा लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, बसवा, छताच्या फळीतून पाच मिलिमीटर वर येईल असा. वरच्या खणाच्या तळाला साडेसहा मिलिमीटरचं भोक. सगळे बारा चौरस एकावर एक रचून, क्लॅम्पने आवळून, चारही कोपऱ्यांची भोकं एकदमच पाडा. एकेका फळीवर पेन्सिलने खुणा करून पाडलेली भोकं जुळत नाहीत. तळाच्या फळ्यांना नंतर साडेसहाचा ड्रिल फिरवून घ्या. वरच्या मजल्याचे खण खालच्या सांध्यावर अर्धे-अर्धे बसवायचे असतील तर छताला मधोमधही भोकांची एक ओळ लागेल. तीही याच वेळी पाडा.

शेजारच्या खणांना एम-५ चा चाळीस मिलिमीटर लांबीचा बोल्ट लावा. दोन खांब मिळून तीस मिलिमीटर, उरलेल्या दहात वॉशर आणि विंग नट. पाना लागत नाही, मुलगीही फिरवू शकते. बोल्ट खांबाच्या मध्यावर, १२० मिलिमीटर उंचीवर घ्या. टोकाजवळ घेतलात तर डॉवेलचं भोक आणि बोल्टचं भोक जवळ येऊन लाकूड चिरतं.

आता जिना. मोठ्या सेटची शान जिन्यात असते आणि बहुतेक सेट इथेच फसतात. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला तुम्हाला २५१ मिलिमीटर चढायचंय. बारा चढ धरले तर प्रत्येक पायरी एकवीस मिलिमीटर उंच. सहा इंची फिगरचं पाऊल पंचवीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पायरीची रुंदी अठ्ठावीस. सरळ जिना केलात तर अकरा पायऱ्यांची लांबी ३०८ मिलिमीटर होते आणि खण आहे ३०० चा. जिना दाराबाहेर येतो. उपाय म्हणजे वाड्यातला असतो तसा वळणाचा जिना. सहा चढ चढून चौकावर यायचं, वळायचं, पुन्हा सहा चढ. एका उडाणाला, म्हणजे वळणापर्यंतच्या सलग टप्प्याला, पाच पायऱ्या म्हणजे १४० मिलिमीटर, चौक ७० चा, एकूण २१० मध्ये काम होतं. रुंदी सत्तर-सत्तरची, म्हणजे दोन्ही उडाणं मिळून १४०. वरच्या दोन्ही फळ्यांना १५० × २१५ ची मोकळी जागा कापा. कंजूषपणा करून फक्त वरच्या उडाणापुरती कापलीत तर चौकातून वर जाणाऱ्या फिगरचं डोकं छताला आपटतं.

बाहेरच्या बाजूने चढायची वाट हवी असेल तर आपल्या जिल्ह्यातला हरिहर डोळ्यासमोर आणा. त्या गडाच्या कातळपायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना हात धरायला खोबण्या आहेत. ७५ अंशांचा चढ घेतला तर २४० मिलिमीटर उंचीला समोर फक्त साडेसहा सेंटिमीटर जागा लागते. अशा पायरीवर पाऊल टिकत नाही, म्हणून दर दोन पायऱ्यांआड तीन मिलिमीटर जाडीची छोटी खुंटी लावा. तुमच्या जी. आय. जोंच्या तळव्यांना भोकं आहेत, ते तिथे अडकतात. भोकाचं माप कंपनीगणिक बदलतं, तेव्हा ड्रिलच्या अडीच, तीन आणि साडेतीनच्या बिटा हलक्या हाताने घालून पाहा आणि जी सैल न होता बसते त्या जाडीची खुंटी करा. घट्ट खुंटी जोराने दाबलीत तर जुना टाचेचा प्लॅस्टिक फुटतो.

जी. आय. जोंसाठी वेगळा सेट करायची गरज नाही. खालच्या तीन खणांपैकी एकात मधोमध सुटी फळी सरकवता येईल अशा लाकडी पट्ट्या लावा. २४० मधून साडेपाच गेले की दोन कप्पे उरतात, ११७-११७ मिलिमीटरचे. १:१८ मध्ये ती जेमतेम सात फूट उंचीची खोली होते. तळघर, भुयार, शस्त्रागार याला ती बरोबर शोभते. एका खणात दोन कप्पे, शिवाय त्यांच्यासाठी तीस सेंटिमीटर म्हणजे अठरा फुटांची खोली. भव्यपणाची हौस सगळ्यात स्वस्तात भागते ती या लहान फिगर्समध्येच. पुढचा विस्तार करताना हे लक्षात घ्या.

भिंती खणाला कायमच्या चिकटवू नका. खांबांच्या मधल्या २७० × २४० च्या जागेत बसणारे सुटे फलक करा, २६८ × २३८ चे. चहूबाजूंनी एक-एक मिलिमीटर सोडायचा, कारण रंगाचे चार थर चढल्यावर फलक फुगतो आणि ऐन वेळी बसत नाही. फलक म्हणजे पाच मिलिमीटरचा सनबोर्ड आणि त्यावर दहा मिलिमीटरचा फोम. मिळून पंधरा, खांबाच्या जाडीइतका. तो बाहेर आला की शेजारचा खण लागत नाही. फलक आडवे रचले की सहा खणांच्या भिंती एका साडीच्या खोक्यात राहतात. एकाच सांगाड्यावर दगडी फलक लावला तर गड, पत्र्याचा लावला तर लष्करी तळ.

फोमसाठी थर्माकोल नको. त्याचे मणी सुटतात, आणि २०१८ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेपासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. बांधकामात गच्चीच्या उष्णतारोधनासाठी एक्सपीएस या घट्ट फोमचे निळे-गुलाबी शीट वापरतात. त्याचे उरलेले तुकडे कंत्राटदाराकडे मिळतात. हे फोम घट्ट असतं, मणी नसतात आणि कोरलेली रेघ तशीच राहते. पंचवीस मिलिमीटरचा शीट तापत्या तारेच्या कटरने दहा-दहाचा चिरा. हे काम खिडकी उघडी ठेवून, मुलगी शाळेत असताना करा. धूर चांगला नसतो.

तुमची भिंत विरघळली ती स्प्रेच्या डब्यातल्या द्रावकामुळे. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही पॉलिस्टायरीनच, आणि द्रावक त्याला साखरेसारखं विरघळवतो. फेविक्विक, रबरी सोल्युशन, थिनर, ऑइलपेंट ही सगळी मंडळी तेच करतात. फोमला पांढरं फेविकॉल वापरा. मात्र दोन मोठ्या, गुळगुळीत पृष्ठांमध्ये ते कोंडलं की हवा लागत नाही आणि चार दिवसांनीही मधे ओलं राहतं. सनबोर्ड आधी पॉलिश पेपरने घासा, फेविकॉल पातळ लावा, चार टूथपिक तिरप्या खुपसा आणि वजन ठेवून दोन दिवस विसरा.

दगड कोरायला रिकामं बॉलपेन पुरतं. थर पंधरा ते वीस मिलिमीटरचे घ्या, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतो ती पाळली नाही तर भिंत बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसते. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा पृष्ठभागावर फिरवा. कातळाचा खरखरीतपणा लगेच येतो. नमुना पाहायचा तर लांब जायला नको. काळाराम मंदिराची भिंत, गोदाघाटाच्या पायऱ्या, पांडवलेणी, सगळा बेसॉल्टच. पांडवलेण्यांतला खांबांचा ओसरा आणि मागची खोली ही रचना तर प्लेसेटसाठीच केल्यासारखी आहे : समोरून उघडी, खोली कमी, खांबांमुळे छत भक्कम.

रंगाबद्दल एकच आग्रह : आपला काळा दगड काळा नसतो. तो निळसर राखी असतो, ओला झाला की काळा दिसतो. काळा ॲक्रिलिक दोन भाग आणि फेविकॉल एक भाग, थोडं पाणी, असा थर दोनदा द्या. रंगही होतो आणि फोमवर कातडंही तयार होतं. बॉलपेनच्या खाचांत ब्रश पोचलाय ना हे उजेडात पाहा. त्यावर काळा-पांढरा समान आणि किंचित निळा घालून केलेला राखी रंग स्पंजने टिपा, खाचा तशाच गडद ठेवून. मग फिका राखी, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करून, फक्त कडांवर. शेवटी तपकिरी रंगाचा एक भाग आणि पाण्याचे आठ भाग, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाणी थेंबाथेंबाने न साचता खाचेत उतरतं. तळाच्या दोन थरांना थोडा शेवाळी हिरवा दिला की गड जमिनीतून उगवल्यासारखा वाटतो.

एमडीएफला नाशिकचा पावसाळा सोसत नाही. कापलेली कड पाणी शोषते, फुगते आणि पुन्हा बसत नाही. निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण कडांना दोनदा लावा, मधे २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. फळीच्या दोन्ही बाजू रंगवा. एकच बाजू रंगवली की दुसरी ओल घेते आणि फळी ताटलीसारखी वाकते. लाकूडकाम पावसाआधी किंवा दसऱ्यानंतर काढा. मॅट वॉर्निश तर जून ते सप्टेंबरमध्ये मारूच नका. दमट हवेत त्यावर पांढरा धुरकट थर येतो आणि महिनाभराच्या रंगकामावर पाणी फिरतं.

रंग वाळला म्हणजे फिगर्स लगेच चढवायच्या असंही नाही. फिगर्सचे मऊ भाग पीव्हीसीचे असतात आणि त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर पडतं. ते चकचकीत इनॅमलशी आणि काही प्लॅस्टिकशी जुळतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाय चिकटून बसतात. ॲक्रिलिक वापरा, दोन-तीन आठवडे मोकळं ठेवा, आणि जिथे फिगर महिनोन्‌महिने उभी राहणार तिथे जाड कागदाचा दगडी रंगाचा तुकडा ठेवा. सेट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. ऊन लागलं की पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि गरम गोंदाचे सांधे सुटतात.

थ्रीडी प्रिंट करून घ्यायचा असेल तर तो कठडे, दिवे, तोफा, पिंपं यापुरताच. भिंती छापायला तासन्‌तास जातात आणि सनबोर्ड ते काम दहा मिनिटांत करतो. खऱ्या मापाची फाइल १:१२ साठी ८.३३ टक्क्यांवर आणि १:१८ साठी ५.५६ वर आणा. सहा इंचीसाठीची फाइल पावणेचार इंचीसाठी हवी तर ६६.७ टक्के. एवढी लहान केल्यावर कठड्याच्या दांड्या एक मिलिमीटरच्या खाली जातात आणि हातात तुटतात, त्या वेगळ्या जाड करा.

दिव्यांसाठी पाच व्होल्टची, उबदार पिवळ्या उजेडाची एलईडी पट्टी घ्या. मीटरला साठ दिवे असलेल्या पट्टीचे दहा सेंटिमीटर एका खणाला पुरतात. सहा दिवे, प्रत्येकी वीस मिलिॲम्पियर धरले तर १२०. सहा खणांना ७२० मिलिॲम्पियर, म्हणजे मोबाइलचा दोन ॲम्पियरचा चार्जर आरामात ओढतो. पट्टी छताच्या पुढच्या कडेला, आत तोंड करून लावा. मागे लावलीत तर सगळ्या फिगर्सच्या सावल्याच दिसतील. प्रत्येक खणाला दोन पिनांचा सॉकेट द्या, नाहीतर खण सुटे करताना वायरी उपटून येतात.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टींत जराही सवलत नको. फलकांना लावायचे दहा बाय दोनचे निओडिमियम चुंबक कधीही उघडे ठेवू नका. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. चुंबक खळग्यात इपॉक्सीने बसवा आणि वरून सनबोर्डचा पातळ तुकडा चिकटवून बंद करा. बसवण्याआधी एका तोंडाला मार्करने ठिपका करा, कारण उलटा बसलेला चुंबक इपॉक्सी वाळल्यावर कळतो. दुसरी गोष्ट, बटणाएवढ्या सेलवर चालणारे दिवे वापरूच नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. यांपैकी काहीही पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मजल्याच्या ताकदीची चिंता नको. सहा इंची फिगर साधारण शंभर-दीडशे ग्रॅमची, एका खणात दहा उभ्या केल्या तरी दीड किलो. साडेपाचचं एमडीएफ तीस सेंटिमीटरच्या अंतरात ते सहज पेलतं. भीती आहे ती टेकणाऱ्या कोपराची. वरच्या मजल्यावर खेळताना मुलं खालच्या गच्चीवर कोपर टेकतात, म्हणून गच्चीखाली मधोमध एक आडवी पट्टी मारा. तीन मिलिमीटरच्या सनबोर्डची जमीन मात्र करू नका, ती महिन्याभरात झोळीसारखी लोंबते.

सगळे सहा खण एकदम सुरू करू नका. जिन्याचा एक खण आणि त्यावर बसणारा एक साधा, एवढे दोन पूर्ण रंगवून, दिवे लावून, आठवडाभर मुलीला खेळू द्या. कुठली कड हाताला लागते, कुठला फलक सारखा पडतो, ते कळेल. मग उरलेले चार त्याप्रमाणे करा. खणांच्या तळाला आकडे आणि बाणाने पुढची बाजू रंगवून ठेवा.

आणि जी. आय. जो गडावर चढवण्याआधी त्यांची कंबर तपासा. आतली काळी रबरी रिंग वरचं आणि खालचं धड एकत्र धरते, आणि इतक्या वर्षांत ती वाळून चिरलेली असते. पाठीचा स्क्रू काढून जुनी रिंग नमुना म्हणून हार्डवेअरच्या दुकानात न्या, त्याच आतल्या व्यासाची आणि जाडीची ओ-रिंग घ्या, जाड रिंगने कंबर फिरत नाही. स्क्रू परत आवळताना शेवटचा अर्धा फेरा सोडा. प्लॅस्टिक जुनं आहे, आवळून बसवलं की पाठ तडकते.